खिशातला घडीचा चाकू: आधी जाडी बघा, मग पोलाद

कुरिअरच्या खोक्यावरची टेप, मसाल्याची पुडी, पार्सलला आवळलेली प्लास्टिकची पट्टी, सुतळी, नव्या शर्टाचं लेबल, औषधाच्या बाटलीचं सील, डब्यातलं सफरचंद किंवा पेरू. शहरात राहणाऱ्या माणसाच्या खिशातल्या चाकूला दिवसभरात पडणारी कामं एवढीच. ट्रेकला गेलात तर काकडी, कांदा आणि नायलॉनची दोरी त्यात वाढते. यातल्या एकाही कामाला चार इंची पातं लागत नाही, की चार मिलिमीटर जाड पोलाद लागत नाही. तरी चाकू घेताना बहुतेकांची चौकशी पोलादाच्या नावापासून सुरू होते आणि लॉक किती भक्कम आहे इथे संपते. माझ्या मते क्रम उलटा हवा: पात्याची जाडी आणि उतार पहिला, लांबी दुसरी, गंज तिसरा, लॉक शेवटी.

जाडी दोन ठिकाणी बघायची असते. एक पाठीवर, म्हणजे धारेच्या विरुद्ध कडेला. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची, धारेच्या चकचकीत रेघेच्या लगेच वर. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या आठ नंबरच्या चाकूची पाठ पावणेदोन मिलिमीटरच्या आत असते, व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या ९१ मिलिमीटरच्या (हे माप मिटलेल्या चाकूचं) चाकूंची दोन-सव्वादोन. ‘टॅक्टिकल’ (लष्करी थाटाचे) म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच चाकूंची साडेतीन-चार. धारेच्या वरची जाडी व्हर्नियरने मोजली तर चांगल्या कापणाऱ्या चाकूत ती ०.३ ते ०.५ मिलिमीटर भरते. ०.७ च्या पुढे गेली की पातं कापण्याऐवजी फाकवायला लागतं.

असं का होतं? धार फक्त पहिली चीर पाडते. त्यापुढे पात्याच्या दोन्ही बाजू त्या चिरेत घुसतात आणि वस्तूला दोन्हीकडे ढकलतात. मऊ टोमॅटोत हे जाणवत नाही. गाजरात लगेच जाणवतं: जाड पातं अर्ध्यावर गेलं की गाजर ‘टक्’ आवाज करून पुढच्या पुढे फुटतं, काप सरळ येत नाही. चाकू कितीही धारदार असला तरी हे चुकत नाही. पुठ्ठ्यात तेच होतं. जाड पातं मध्येच अडकतं, मग माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेला चाकू सुटला की हात कापतो. म्हणून नवा चाकू घरी आणल्यावर पहिली परीक्षा कागदावर नको, जाडजूड गाजरावर घ्या.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. प्रत्येक वेळी धार लावताना थोडं पोलाद झिजतं आणि धार पाठीच्या दिशेने वर सरकते. पाठीपासून धारेपर्यंत सलग उतरत आलेलं पातळ पातं पाच-सात वर्षांनीही पातळच राहतं. पण अर्ध्या उंचीपर्यंत सपाट आणि तिथून एकदम उतार, अशा पात्याची धार दर वेळी जाड भागात शिरत जाते. दोन वर्षांनी तोच चाकू ‘आता पहिल्यासारखा कापत नाही’ असं वाटतं, आणि ते खरं असतं. घेताना पातं डोळ्यासमोर आडवं धरून उतार कुठून सुरू होतो ते बघा. पाठीपासूनच सुरू होत असेल तर उत्तम.

पातळ धारेचीही एक अडचण आहे. ती पिळ सहन करत नाही. रंगाचा डबा उघडायला, खिळा उपसायला, स्क्रू फिरवायला पातं वापरलं की टोक मोडतं किंवा धारेत दाते पडतात. ही कामं वारंवार पडत असतील तर जाड चाकू हा त्यावरचा उपाय नाही. स्क्रूड्रायव्हर आणि डबा उघडायचं हत्यार असलेला स्विस पद्धतीचा चाकू घ्या आणि पात्याला फक्त कापू द्या.

लांबीचं उत्तर सोपं आहे. पातं सहा ते आठ सेंटिमीटर पुरतं. मध्यम सफरचंदाचा व्यास सात सेंटिमीटरच्या आसपास असतो, एवढ्या पात्याने ते फिरवत सहज चिरता येतं. ५८ मिलिमीटरच्या किल्लीच्या जुडग्यातल्या स्विस चाकूचं पातं याच्या निम्मं असतं: दोरा, टेप, पाकीट यांना छान, फळाला अपुरं. टोक फार अणकुचीदार नको. पाठ खाली उतरत येऊन टोक मधल्या रेषेवर आलेलं असेल तर ते खोक्यात खोल घुसून आतल्या वस्तूला चरे पाडत नाही. ज्यांचं काम दिवसभर खोकी फोडण्याचं आहे त्यांनी सरळ धार आणि बोथट नाक असलेलं पातं बघावं. करवतीसारखे दाते असलेली धार मात्र टाळा. दोरीला ती बरी, पण घरच्या सपाट दगडावर तिला धार लागत नाही.

आता लॉक. व्हिक्टोरिनॉक्सच्या ५८, ८४ आणि ९१ मिलिमीटरच्या चाकूंत लॉक नसतो. पाठीची स्प्रिंग पात्याला उघडं धरते, जोराने उलटं दाबलं की ते मिटतं. खाली, बाहेर किंवा आपल्याकडे ओढत कापताना सगळा दाब धारेवर असतो आणि तो पात्याला आणखी उघडं ठेवतो. पातं मिटतं ते टोचताना, किंवा अडकलेलं पातं हिसका देऊन बाहेर काढताना. म्हणजे बिनलॉकच्या चाकूला शिस्त एकच: टोकाने भोक पाडायचं नाही. त्यासाठी यातल्या अनेक चाकूंच्या पाठीला टोच्या असतो, तोही धार असलेल्या बाजूला फिरवत दाबायचा, उलटा फिरवला तर तो बोटावर मिटतो.

लॉक हवाच असेल तर त्याचे प्रकार समजून घ्या. ओपिनेलची फिरती कडी सगळ्यात साधी. १९५५ साली ती या चाकूला बसवली गेली, २००० पासून ती बंद पात्यालाही अडवते, आणि ती सहा नंबरपासून पुढच्या आकारांना असते. पाठीवरचा दांडा दाबून सुटणारा लॉक भक्कम. बक या अमेरिकन कंपनीचा १९६४ चा ११० नंबरचा चाकू याच जातीचा, पण तो दोनशे ग्रॅम भरतो. पँटच्या खिशात तो रोज नको. आतल्या पट्टीने अडणारे लायनर लॉक हलके आणि स्वस्त, पण मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, आणि ते बहुतेक उजव्या हातासाठी बनवलेले असतात. डावखुऱ्यांनी कडी, पाठीचा लॉक किंवा आडव्या दांडीचा लॉक (पात्याच्या बुडामागे एक आडवी दांडी सरकून बसते तो) घ्यावा, हे तिन्ही दोन्ही हातांना सारखे चालतात. आडव्या दांडीच्या लॉकमध्ये दोन बारीक स्प्रिंगा असतात, त्यातली एक कधी तरी तुटते. लॉक दुसरीवर चालत राहतो, पण दाब एकाच बाजूने येतो. ते जाणवलं की स्प्रिंग बदला.

लॉक तपासायला चाकूची पाठ टेबलावर आपटून दाखवणारे बरेच आहेत. तसं करू नका, त्याने चांगला लॉकही ढिला होतो. पातं उघडं ठेवून, बोटं वाटेतून बाजूला घेऊन, पाठीवर हळूहळू वाढता दाब द्या. लॉक सरकला तर चाकू परत करा.

बटण दाबून किंवा झटक्याने उघडणाऱ्या चाकूंच्या वाटेला जाऊ नये, आणि याचं कारण कायदा आहे. शस्त्र नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळून. सात सेंटिमीटरचा घडीचा चाकू यापासून दूर आहे. पण दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने स्प्रिंगचे, गरारीचे (दात्यांवर अडत उघडणारे) आणि बटणाचे चाकू वेगळे धरले आहेत: पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद असेल तर. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ आहे. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी जे मनाई आदेश काढतात, त्यांत शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, काठ्या यांच्याबरोबर सुरेही असतात. त्या दिवसांत गर्दीच्या ठिकाणी चाकू घरी ठेवा. न्यायालय, मेट्रो, मॉल, स्टेडियम इथे तपासणीत तो अडू शकतो. विमानात हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इन बॅगेत टाका.

परदेशातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंत धार असलेला, बिनलॉकचा घडीचा चाकू कारण न देता जवळ बाळगता येतो. लॉक आला की ही सूट जाते. जर्मनीत एका हाताने उघडणारा आणि लॉक होणारा चाकू सबळ कारणाशिवाय बाहेर बाळगता येत नाही. दोन्हीकडे साधा स्विस चाकूच सोयीचा पडतो.

पोलादाकडे उशिरा आलो, कारण त्यात घाबरण्यासारखं कमी आहे. व्हिक्टोरिनॉक्सचं पोलाद मऊ बाजूचं: कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास, क्रोमियम १४-१५ टक्के, रॉकवेल मापाने कडकपणा ५५-५६. त्याची धार लवकर उतरते, पण कोणत्याही दगडावर पाच मिनिटांत परत येते, आणि ते गंजाला दाद देत नाही. ओपिनेलच्या स्टेनलेस पात्याचं पोलाद १२सी२७: कार्बन ०.६, क्रोमियम १३.५ टक्के. थोडं कडक, तितकंच सोशिक. १४सी२८एन या पोलादात नायट्रोजन मिसळलेला असतो, त्यामुळे कडकपणा वाढूनही गंजरोध टिकतो. दमट हवेसाठी मध्यम किमतीत मला हेच सर्वात योग्य वाटतं. ८सीआर१३एमओव्ही हे चिनी पोलाद स्वस्त चाकूंत दिसतं, रोजच्या कामाला चालतं, धुवून पुसलं नाही तर ठिपके पडतात.

डी२ या पोलादाबद्दल सावध राहा. त्यात क्रोमियम १२ टक्के असतं म्हणून लोक ते स्टेनलेस समजतात. पण कार्बन दीड टक्का असल्याने क्रोमियमचा मोठा वाटा कार्बनशी जुळून कार्बाइडच्या कडक कणांत अडकतो आणि गंज रोखायला मोकळा राहत नाही. पुण्यात चालून जाईल, रत्नागिरीत जुलैमध्ये नाही. एस३०व्ही सारख्या महागड्या पोलादात चार टक्के व्हॅनेडियम असतं. त्याचे कार्बाइड नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कडक, त्यामुळे नीट धार लावायला हिऱ्याची प्लेट लागते. प्लेट घ्यायची तयारी नसेल तर ते पोलाद घेऊन उपयोग नाही, कारण बोथट महाग चाकूपेक्षा धारदार स्वस्त चाकू केव्हाही जास्त कापतो.

कार्बन पोलादाचा मोह समजण्यासारखा आहे. ओपिनेलचं कार्बन पातं दगडावर फार गोड चालतं. पण कैरी, लिंबू, कोकम, चिंच यांच्या आम्लाने ते दोन मिनिटांत काळवंडतं आणि पहिले काही दिवस फळाला लोखंडाची चव लागते. मुद्दाम काळपट थर चढवला तर हे कमी होतं: पातं साबणाने धुऊन तेलकटपणा घालवा, गरम व्हिनेगरमध्ये वीस-तीस मिनिटं बुडवा, धुऊन पुसा. करडा थर येतो. तो तांबूस गंज मंदावतो, थांबवत नाही. किनाऱ्यावर राहत असाल तर स्टेनलेस घ्या.

ओपिनेल कोणत्याही पोलादाचा घ्या, त्याची खरी परीक्षा आपल्या पावसाळ्यात लाकडाची होते. मूठ बीच लाकडाची. जून उजाडला की ती ओल पिते, फुगते, आणि पात्याची खाच आवळते. पातं नखाने निघेनासं होतं आणि ओढाताणीत बोट कापतं. फ्रान्सच्या सव्हॉय भागात, जिथे हा चाकू १८९० पासून बनतो, त्यावर जुनी युक्ती आहे: कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं, पात्याचं टोक वर येतं. हा तात्पुरता इलाज.

कायमचा इलाज एप्रिल-मे महिन्यात करावा, लाकूड कोरडं असताना. चाकू दोन-तीन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात ठेवा. २२० नंबरचा पॉलिश पेपर स्टीलच्या पातळ पट्टीला गुंडाळून खाचेच्या दोन्ही भिंतींवर पंधरा-वीस हात मारा, सांध्याजवळ थोडे जास्त, कारण पातं तिथेच आवळतं. भुसा झटका. मग जवसाचं तेल खाचेत आणि सांध्यात सोडा, तासाभराने उरलेलं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. पातं उघडं ठेवून आठवडाभर हवेवर सुकवा. घाईने मिटवलं तर तेल चिकट होऊन पातं आणखी आवळतं. तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चिंधी आपोआप पेटू शकते. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

मुठीचं बाकी थोडक्यात. आंब्याच्या रसाने हात बुळबुळीत झाला तरी सुटणार नाही असा पृष्ठभाग हवा. खवल्यांची नक्षी असलेलं ॲल्युमिनियम, जी१० किंवा मायकार्टा (राळेत दाबलेले काचतंतू किंवा कापडाचे थर) चांगलं, गुळगुळीत स्टील वाईट. वजन ९० ग्रॅमपर्यंत. त्याहून जड चाकू सुती पँटचा खिसा ओढतो आणि महिन्याभरात ड्रॉवरमध्ये जाऊन पडतो. क्लिप जीन्सवर बसते, पातळ कापडाचा काठ उसवते. सुट्या नाण्यांच्या छोट्या खिशात ८४ मिलिमीटरचा ॲल्युमिनियम मुठीचा चाकू बरोबर मावतो, आणि एकच चाकू सुचवायचा झाला तर मी तोच सुचवेन.

दुकानात हातात घेतल्यावर पातं मिटवून वरून बघा: ते दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये हवं, एका बाजूला घासत नको. उघडून टोक चिमटीत धरा आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. किंचित हालचाल पातं फिरतं त्या खिळीचा स्क्रू आवळून जाते, वर-खाली हालचाल असेल तर घेऊ नका. चाकू उजेडाकडे धरा, पट्टी आणि स्प्रिंग यांच्यामधून प्रकाश दिसला तर बसणी ढिली आहे. स्प्रिंगने पातं शेवटच्या टप्प्यात स्वतः ओढून घ्यायला हवं, आवाज खणखणीत यायला हवा. लाल मुठीचे नकली स्विस चाकू रस्तोरस्ती मिळतात. त्यांची स्प्रिंग लुळी असते आणि पात्याच्या बुडाशी कंपनीचा ठसा नसतो किंवा फिका असतो.

स्क्रू आवळताना टॉर्क्सचा (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) योग्य पाना घ्या, बहुतेक टी६ किंवा टी८. अंदाजाने दुसरा घातला की स्क्रूचं डोकं गोल होतं. परत परत ढिला होत असेल तर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) मोहरीएवढा थेंब पुरतो.

धारेसाठी एक हजार नंबरचा दगड रोजचा, चारशेचा फक्त दाते पडले तर, तीन हजार हौस म्हणून. कोन प्रत्येक बाजूला सतरा अंश धरा. दीड सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ त्यासाठी दगडापासून साडेचार मिलिमीटर उचलावी लागते, दोन सेंटिमीटर रुंद असेल तर जवळपास सहा. आधी धारेची रेघ काळ्या मार्करने रंगवा आणि दगडावर दोन हात मारा. शाई फक्त वरच्या कडेला गेली तर पाठ जास्त खाली आहे, फक्त धारेच्या कडेला गेली तर जास्त वर. सगळी शाई एकसारखी जाऊ लागली की कोन जुळला.

मग एकाच बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला बारीक खरखरीत किनार वळेपर्यंत. अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेला आडवा, बाहेरच्या दिशेने सरकवला की ती लागते. बुडापासून टोकापर्यंत ती सलग हवी. टोकाजवळ पातं वळतं, तिथे हात थोडा उचलावा लागतो, आणि बहुतेकांचं टोक याच जागी बोथट राहतं. किनार आली की बाजू बदला. दोन्हीकडून झाल्यावर दाब कमी करत एकआड एक हलके हात मारा, शेवटचे पाच-सहा पात्याच्या वजनाइतकेच. नंतर चामड्याच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला हिरवं पॉलिश चोळून, धार मागे ठेवत, दोन्ही बाजूंनी दहा-दहा हात. ‘काल लावलेली धार आज गेली’ ही तक्रार ऐकू येते तेव्हा कारण बहुधा हेच असतं: वळलेली किनार काढलीच नव्हती, ती कागद कापते आणि दुसऱ्या दिवशी दुमडते.

सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे विळी द्या, कोयता द्या, हा चाकू देऊ नका. कोरड्या फिरत्या दगडावर पातळ धार क्षणात तापते, पोलादाचं पाणी उतरतं, आणि कड निळसर दिसली तर तेवढा भाग मऊ झालेला असतो. तो घासून काढेपर्यंत कितीही धार लावा, टिकत नाही.

फळ कापून झालं की सांध्यातला रस कोमट पाण्यात पातं चार-पाच वेळा उघड-मीट करून काढा, पुसा, अर्धा तास उघडं ठेवा. तेल महिन्यातून एकदा, एकच थेंब. खोबरेल थंडीत गोठतं, शेंगदाण्याचं तेल चिकट होऊन खिशातली कापसाची लव धरून ठेवतं. औषधाच्या दुकानातलं साधं लिक्विड पॅराफिन घ्या. ते खाण्याच्या वस्तूला लागलं तरी चालतं, आणि छोटी बाटली कित्येक वर्षं पुरते. चाकू चामड्याच्या म्यानात साठवू नका. चामडं ओल धरतं, आणि पावसाळ्यात स्टेनलेसलाही त्यात ठिपके पडतात.